तान्यूचा हत्ती

“मावशी, या विचारतायत, हा हत्ती बरोबर आहे का?”

भाचीने असं म्हटलं तेव्हा मी निक्कोच्या तोशोगू देवस्थानात, वरच्या कोठाराच्या आढ्याखाली मान मागे टाकून उभी होते. शेजारी एक जपानी आजी होत्या. पाठीवर छोटी सॅक, डोक्यावर पावसाची टोपी. त्यांनी आधी माझ्या टिकलीकडे पाहिलं, मग वरच्या हत्तीकडे, मग पुन्हा माझ्याकडे. भारतातून आलेलं माणूस म्हणजे त्याला हत्तीतलं कळणारच, असा सरळ हिशेब. माझी उभी हयात सातारच्या शाळेत चित्रकला शिकवण्यात गेली. मुलांच्या वह्यांवरून नजर फिरवत जे वर्षानुवर्षं बोलले, तेच तोंडातून निघालं, “कान चुकलेत. शेपूटही.” भाचीने ते जपानीत सांगितलं. माझ्या एवढ्याशा बोलण्याला तिला चांगली तीन-चार वाक्यं लागली, आणि आजी एकदम खुलल्या, दोनदा कमरेत वाकल्या, हसत हसत पुढे गेल्या. “काय सांगितलंस गं?” मी विचारलं. “सांगितलं, हत्ती फार प्रसन्न दिसतोय असं मावशी म्हणतेय.” चार वर्षं तोक्योत राहून पोरगी पक्की जपानी झाली होती. तिच्या त्या गोड भाषांतराला मी हसले, पण आजींचा प्रश्न काही डोक्यातून जाईना. बरोबर म्हणजे कशाच्या मानाने बरोबर?

त्या दिवशी पाऊस भुरभुरत होता. तोक्योतल्या आसाकुसाहून सुटणारी गाडी दोनेक तासांत निक्कोला पोचते, तिथून बस. तांबड्या शिंक्यो पुलापाशी उतरलं की देवदारासारख्या उंच सुगी वृक्षांची दाटी सुरू होते. पाऊस पानांवरच अडतो, खाली येतो तो थेंब थेंब होऊन, बराच उशिरा. ओल्या सालीचा वास, पायाखाली रवाळ खडी, आणि मध्येच पिवळ्या टोप्या घातलेल्या शाळकरी पोरांची लांबच लांब रांग. आमच्याकडे सहली जशा रायगड-प्रतापगडला जातात तशा त्यांच्या इथे येतात. या झाडांच्या काळोख्या हिरव्यातून दगडी तोरी, म्हणजे देवस्थानाची कमान, ओलांडून वर आलं की समोर एकदम लाल, सोनेरी, मोरपिशी, पांढरा असा रंगांचा कल्ला. मी खरं सांगू? पहिल्या क्षणी मला ते आवडलं नाही. जपान म्हणजे साधं लाकूड, रिकामी भिंत, एखादंच फूल, असं डोक्यात पक्कं बसलेलं. इथे तर बोटभर जागा मोकळी सोडलेली नाही. तुळईच्या टोकाला सिंह, त्याच्यावर ड्रॅगन, त्याच्या काखेत ढग, ढगाच्या पोटात पियोनीची फुलं. विद्यार्थ्याने असं केलं असतं तर मी म्हटलं असतं, “बाळा, डोळ्याला जरा विसावा दे.”

वर हे सगळं नवंकोरं. एवढं जुनं देऊळ म्हटल्यावर रंग उडालेला, कोपरे झिजलेले असणार असं आपण धरून चालतो. आपल्याला जुनेपणाचा पुरावा लागतो. पुण्याच्या विश्रामबागवाड्याचे ते सुरूचे खांब मला आवडतात ते बरेचसे त्यांच्या काळपट, हात लागून लागून गुळगुळीत झालेल्या सागवानामुळे. इथे मात्र लाखेचा थर काल दिल्यासारखा चकचकत होता. दमट हवा, हिवाळ्यात बर्फ, लाकूड उघड्यावर. रंग आणि लाख हे इथे नटणं कमी आणि पांघरूण जास्त. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या हे देवस्थान खरवडलं जातं, पुन्हा लाखलं जातं, पुन्हा सोन्याचा वर्ख लागतो. इथलं काम कधी संपतच नाही. आपल्याला दिसतो तो रंग आपल्या काळातल्या माणसांचा, आणि खालचं लाकूड १६३६ सालचं. त्या साली शिवाजी महाराज सहा वर्षांचे होते.

हत्तीकडे परत जाते.

तो कोरला गेला त्याचं मूळ रेखाटन कानो तान्यूचं. शोगुनांच्या, म्हणजे तेव्हाच्या लष्करी राज्यकर्त्यांच्या, दरबारचा मोठा चित्रकार, कानो घराण्यातला, वयाच्या तिशीतच मानमरातब मिळवलेला. त्याने हत्ती पाहिलेला नव्हता. पुस्तकी वर्णनं, जुनी चिनी चित्रं आणि ऐकीव गोष्टी एवढ्यावर त्याने आढ्याच्या त्रिकोणात दोन हत्ती बसवले. म्हणूनच जपानीत त्यांना ‘कल्पनेतले हत्ती’ म्हणतात. गंमत अशी की ज्या तोकुगावा इएयासुसाठी, या घराण्यातल्या पहिल्या शोगुनासाठी, हे सगळं उभं राहिलं, त्याला १६०२ साली आजच्या व्हिएतनामच्या बाजूने खराखुरा हत्ती भेट आला होता. तान्यूचा जन्मही त्याच सालचा. म्हणजे मालकाच्या दारी जिवंत हत्ती आला तेव्हा चित्रकार पाळण्यात, आणि चित्रकाराच्या हातात कुंचला आला तोवर हत्तीचा पत्ता नाही. पुढे १७२८ मध्ये पुन्हा हत्ती आले ते नागासाकीला. त्यातला एक दुसऱ्या वर्षी पायी चालत एदोपर्यंत, म्हणजे आजच्या तोक्योपर्यंत, गेला, रस्त्यात गावंच्या गावं लोटली त्याला बघायला. पण तोवर निक्कोतले हत्ती नव्वदीच्या पुढे गेलेले.

तेव्हा माझा शेरा खरा होता. कान चुकलेत, शेपूट भलतीच झुपकेदार झाली आहे. डोळे असे बारीक आणि वाकडे की जनावर गालातल्या गालात हसतंय असं वाटावं. पण थोडा वेळ बघत राहिलं की दुसरंही दिसायला लागतं. अंगाच्या वळ्या, कातडीचा तो सैलपणा, शरीराचं ओझं पायांवर कसं उतरतं ते. हे त्या माणसाने कुठून आणलं असेल? मोठ्या, जड, शांत प्राण्याबद्दल ऐकून त्याला जे वाटलं असेल, ते चुकलेलं नाही. आणि मुळात हत्तीच्या अचूकपणाबद्दल आपण कोणत्या तोंडाने बोलावं? दर भाद्रपदात आपण घरी आणतो त्या मूर्तीचे कान, गंडस्थळ, डोळे हत्तीच्या मापाने कोण तपासतो? हत्तीचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. गणपतीचे समोर असतात, माणसासारखे, आपल्याकडे बघणारे. तसे नसते तर आपण त्याच्याशी बोललो नसतो.

आणखी एक गोष्ट तिथे उभ्या उभ्या आठवली. दुसऱ्या महायुद्धात तोक्योच्या उएनो प्राणिसंग्रहालयातले हत्ती उपाशी ठेवून मारले गेले. युद्ध संपल्यावर तिथल्या मुलांनी हत्ती हवा म्हणून पत्रं लिहिली आणि १९४९ साली पंडित नेहरूंनी त्यांच्यासाठी हत्तीण पाठवली, इंदिरा. पुढची तीसहून अधिक वर्षं ती उएनोत होती. मला प्रश्न विचारणाऱ्या आजींचं वय पाहता, लहानपणी त्यांनी इंदिरेला पाहिलं असण्याची शक्यता दाट. म्हणजे हत्ती कसा असतो हे त्यांना चांगलं माहीत होतं. मग त्या मला नेमकं काय विचारत होत्या?

समोरच्याच बाजूला तबेला आहे, देवाच्या घोड्याचा. एवढ्या भपक्यात लाकूड रंगवायचं सोडून दिलेली इमारत ती एकच, म्हणून तिच्यापाशी डोळ्याला बरं वाटतं. आणि तिच्याच माथ्यावर ती तीन माकडं. वाईट बघू नका, ऐकू नका, बोलू नका. सगळे भारतीय इथे गांधीजींना आठवून फोटो काढतात, आम्हीही काढला. पण माकडांच्या पाट्या एकूण आठ आहेत आणि त्यांत माकडं सोळा, हे फोटोच्या घाईत कोणी बघत नाही. घोड्यांना आजारापासून माकडं वाचवतात अशी जुनी समजूत, म्हणून ती तबेल्यावर. पहिल्या पाटीवर आई कपाळावर आडवा हात धरून लांब बघते आहे, पिल्लाचं पुढे काय होणार याचा अंदाज घेत. पिल्लू तिच्या तोंडाकडे बघतंय. मग ती तिघं. मग उठू की नको अशा विचारात बसलेलं एकटं पोर, आभाळाकडे बघणारी तरुण पोरं, खचलेल्या मित्राच्या पाठीवर हात ठेवणारा सोबती, प्रेमात पडून गप्प झालेलं एक, संसाराच्या लाटांसमोर बसलेलं जोडपं, आणि शेवटच्या पाटीवर पोटुशी. तिथून डोळे आपोआप पुन्हा पहिल्या पाटीकडे जातात. मी त्या आईसमोर बराच वेळ उभी होते. कोरणाऱ्याने माकडं रोज पाहिलेली होती. निक्कोच्या डोंगरात ती आजही आहेत, माणसांच्या हातातलं पळवतात. इथे कान, शेपूट, बोटं सगळं जागच्या जागी. पण माकड कपाळावर हात धरून भविष्य बघत नाही. मग हे बरोबर का?

पुढे पायऱ्या चढून योमेइमोन, ज्याच्यासाठी जग इथे येतं. या एका दरवाजावर पाचशे आठ कोरीव कामं आहेत. बघता बघता दिवस मावळेल म्हणून त्याला दिवस बुडवणारा दरवाजा असंही नाव आहे. खांब शिंपल्यांच्या भुकटीने पांढरे केलेले, त्यांवर भोवऱ्यांची नक्षी. बारा खांबांतल्या एकाची नक्षी उलटी आहे. पुरं झालेलं काम त्या क्षणापासून ढासळायला लागतं, म्हणून मुद्दाम अपुरं ठेवलेलं. हे प्रत्येक गाइड छत्रीचं टोक वर करून दाखवतो आणि प्रत्येक घोळका “ओऽऽ” करतो. मला त्यापेक्षा जास्त रमवलं वरच्या पट्टीतल्या पोरांनी. चिनी वेषातली मुलं खेळताहेत, भांडताहेत, आणि एका ठिकाणी मोठं रांजण फुटून पाणी वाहतंय, त्यातून एक पोर बाहेर येतंय. पाण्यात पडलेल्या सवंगड्याला वाचवण्यासाठी दगडाने रांजण फोडणाऱ्या हुशार मुलाची ती चिनी गोष्ट. सत्तेच्या एवढ्या थोरल्या दरवाजावर कोणाला तरी हे सुचलं की किमती भांडं फुटलं तरी चालेल, पोर वाचलं पाहिजे.

पण सत्तेचा दरवाजा तो सत्तेचाच. १६१६ मध्ये इएयासु गेला तेव्हा त्याने निक्कोत एक लहानसं देऊळ बांधा असं सांगून ठेवलं होतं. त्याच्या पुढल्या वर्षी ते बांधलंही. नातू इएमित्सुला मात्र ते पुरेना. १६३४ ते १६३६, अवघ्या दीड वर्षात त्याने ते जवळजवळ नव्याने उभं केलं. खर्च ५,६८,००० सुवर्ण र्यो. आजोबांना देव करायचं ते आपलं आसन बळकट व्हावं म्हणून, हे त्या काळीही लोकांना कळत असणारच. दगडी तोरी एका सरदाराची भेट, पाच मजली पागोडा दुसऱ्याची. सुगीच्या झाडांचे कोसांमागून कोस रस्ते तिसऱ्याने लावलेले. कोणी किती दिलं हे सगळं लिहिलेलं आहे. पियोनीची पाकळी पातळ करता करता ज्यांचं पटाशी धरलेलं बोट कापलं असेल त्यांची नावं शोधायला गेलं तर हाताला फारसं काही लागत नाही. मुख्य सुताराचं नाव आहे, कोरा मुनेहिरो. आणि मग एक नाव दंतकथेतलं, हिदारी जिंगोरो, म्हणजे डावखुरा जिंगोरो. जपानभर जिथे म्हणून एखादं कोरीव काम जिवंत वाटतं तिथे लोक म्हणतात, हे जिंगोरोचं. असा एकच माणूस खरोखर होऊन गेला की नाही यावर जाणकारांचं एकमत नाही. आपल्याकडे एका रात्रीत देवळं बांधून गेलेले पांडव आहेत ना, तसाच.

मांजर त्याचंच म्हणतात. नेमुरी-नेको, झोपलेलं मांजर. आतल्या समाधीकडे जाणाऱ्या वाटेवर, एका दारावर. ‘वर झोपलेलं मांजर’ अशी पाटी लावावी लागते, कारण पाटी नसेल तर माणसं सरळ खालून निघून जातील. केवढंसं ते! जेमतेम वीत. पांढरंकाळं अंग, भोवती पियोनी, पंजे पोटाखाली. मागच्या बाजूला, त्याच लाकडाच्या पाठीवर, वेळूच्या बनात दोन चिमण्या. मांजर झोपलंय म्हणून चिमण्या खेळतात. लढाया संपल्या, आता शांतता आहे, असा एक अर्थ. दुसरा अर्थ सांगणारे म्हणतात, बाजूने बघा, पुढच्या पायांवर भार आहे, ते केव्हाही झेप घेईल. झोपेचं सोंग घेऊन मालकाच्या समाधीवर पहारा देतंय. मी दोन्ही बाजूंनी पाहिलं, मागच्यांचे “सुमिमासेन”, म्हणजे “माफ करा”, ऐकत. मला दोन्ही खरं वाटलं.

दाराच्या पलीकडे दोनशे सात दगडी पायऱ्या. गुडघ्यांनी तक्रार केली, भाचीने हात दिला. पायऱ्यांवर शेवाळ, दोन्ही बाजूंना सुगी, आणि जसजसं वर जावं तसतसा रंग संपत जातो. सगळ्यात वर काशाची साधी समाधी, मळकट हिरवट, कुंपणातली. कोरीव काम जवळजवळ नाहीच. वर आलेली बहुतेक माणसं इथे पोचल्यावर पहिल्यांदा दम खातात, मग पाण्याची बाटली काढतात आणि मग त्यांना आठवतं की आपण कोणाच्या तरी समाधीसमोर उभे आहोत. त्याने जे लहानसं मागितलं होतं ते बहुधा एवढंच असावं.

खाली उतरल्यावर होन्जीदो नावाच्या मंदिरात गेलो. छतावर प्रचंड ड्रॅगन. त्याच्या डोक्याखाली उभं राहून लाकडाच्या दोन पट्ट्या एकमेकींवर आपटल्या की वरून घुंगरांच्या झिणझिणीसारखा आवाज लांबत येतो. दोन पावलं बाजूला होऊन आपटल्या तर काहीच नाही. म्हणून याला रडणारा ड्रॅगन म्हणतात. हाही मूळ कानो घराण्यातला. तो १९६१ च्या आगीत जळला, आणि आता दिसतो तो नंतर पुन्हा रंगवलेला. तरी रडतो. मूळचा असाच रडायचा का, हे सांगायला आता कोण आहे?

देवस्थानाबाहेरच्या एका खानावळीत युबा खाल्लं. सोयाबीनच्या दुधावर येणारी साय गुंडाळून करतात ती इथली खासियत. मला ती अळणी लागली. भाचीने माझ्याही वाटणीची संपवली. लोणचं मात्र उत्तम होतं.

परतीच्या गाडीत तिने फोनवर वाचून एक हकिगत सांगितली, आणि तिथे आमची जुंपली. २०१६ साली त्या मांजराची डागडुजी झाली. रंग ताजे केले गेले, आणि त्यात त्याचे डोळे किंचित किलकिले रंगवले गेले. मग जुने पुरावे धुंडाळले, मिटलेलेच डोळे बरोबर असं ठरलं, आणि मांजराला पुन्हा झोपवण्यात आलं. भाची कॉम्प्युटरवाली, तिच्या मते हे अगदी योग्य. रंगवणाऱ्याने आधीच्या रंगवणाऱ्याशी इमान राखायचं, आपली अक्कल मध्ये आणायची नाही. “नाहीतर उद्या कोणी येऊन तुझ्या त्या हत्तीचे कानपण सुधारून ठेवेल,” ती म्हणाली. मुद्दा बिनतोड होता. इतक्या वेळा रंग खरवडून नवा दिला गेला, मधल्या काळात हत्ती पायी चालत एदोला गेला, उएनोत हत्ती आले, मेले, पुन्हा आले, तरी तान्यूच्या हत्तीचे कान कोणी दुरुस्त केले नाहीत, याचंच मला दिवसभर कौतुक वाटत आलेलं. ते ब्रश धरणारे हात खऱ्या हत्तीला बांधील नव्हते, तान्यूला होते.

तरी मला पेण आठवत होतं. तिथे एका कारखान्यात मी पूर्वी शाळेची सहल नेली होती. रंगवून तयार झालेल्या मूर्तींच्या रांगाच्या रांगा, सोवळं, शेला, दागिने, सगळं झालेलं, फक्त डोळे कोरे. दुपारी एक म्हातारे गृहस्थ आले, चहा घेतला, चष्मा पुसला आणि खाली बसून डोळ्यांची आखणी सुरू केली. बाकीचं काम कोणीही करेल, आखणी यांचीच, असं मालक म्हणाले. साचा एकच, रंग एकाच डब्यातले, पण त्यांनी उचललेली प्रत्येक मूर्ती खाली ठेवताना वेगळी झालेली असायची. एकीची नजर मवाळ, एकीची जरा मिस्कील. माझी पोरं, जी एरवी एका जागी पाच मिनिटं बसत नसत, तोंड उघडं टाकून बघत होती. त्या गृहस्थांना कोणी जुना फोटो दाखवून म्हटलं असतं की हा बघा, डोळे असेच हवेत, तर त्यांनी ब्रश खाली ठेवला असता.

भाची म्हणाली, ती मूर्ती दहा दिवसांनी पाण्यात जाते, हे मांजर जात नाही. हेही बिनतोड. बाहेर भाताची खाचरं मागे पळत होती आणि आमच्या आवाजामुळे पलीकडच्या बाकावरचे एक गृहस्थ आमच्याकडे अतिशय सभ्यपणे बघत नव्हते. मी आवाज खाली आणला, मत नाही. त्या किलकिल्या डोळ्यांच्या बाजूने मी तेव्हा होते आणि अजूनही आहे. घरात मांजर असलेल्या कोणालाही विचारा, झोपलेल्या मांजराचे डोळे कधी पुरते मिटलेले असतात का ते.